झाकल्या मुठीचे समाजशास्त्र

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांचे सर्वेक्षण करावे असे ठरले आणि त्यासाठी प्रश्नावली तयार करण्याचे काम आम्हा काही जणांवर आले. घरात माणसे किती, शिक्षण कुठवर, परदेशी कोण, वाडी उरली की विकली गेली, सायंप्रार्थनेला मंडळी एकत्र बसतात काय, असे दहा प्रश्न झपाट्याने संमत झाले. अकरावा मात्र अडला. 'आपले कुटुंब कोणत्या जातीचे मानले जाते, आणि गेल्या दोन पिढ्यांत त्या मर्यादेबाहेर लग्ने झाली आहेत काय?' असा तो प्रश्न होता. बैठकीतील एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांच्या सेवाभावाविषयी मला नितांत आदर आहे, शांतपणे म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडून आपण काय मिळवणार?" त्यांच्या शेजारी बसलेल्या, महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांनीही तो प्रश्न गाळावा असेच मत दिले. कारण मात्र वेगळे सांगितले. असा प्रश्न विशिष्ट हेतूने विचारलेला आहे, संशोधनाने केवळ वस्तुस्थिती टिपावी, समाज सुधारण्याच्या भानगडीत पडू नये, असे ते म्हणाले. एकाला अब्रूची काळजी, दुसऱ्याला शास्त्राच्या सोवळ्याची. दोघांनी मिळून अकरावा प्रश्न खोडला.

या दोघांशीही मला वाद घालायचा आहे. समाजाचे संशोधन कशासाठी करावयाचे आणि ते कोणत्या वैचारिक पायावर उभे असते, हा प्रश्न विद्यापीठांच्या चर्चासत्रांपुरता आहे असे आपण समजतो. आमच्या बैठकीत तो एका खोडलेल्या ओळीच्या रूपाने आला.

प्रथम प्राध्यापकांचा मुद्दा घेतो, कारण तो अधिक प्रतिष्ठित आहे. निसर्गाचा अभ्यास करावा तसाच समाजाचाही करता येईल, ही आकांक्षा एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये बळावली. ऑग्युस्त कोंत याने या नव्या विद्येला 'समाजशास्त्र' हे नाव रूढ करून दिले. पुढे एमिल द्यूरकेम याने १८९५ साली तिचे नियम सांगताना, सामाजिक घटितांकडे 'वस्तू' म्हणून पाहावे, हे सूत्र घालून दिले. दोनच वर्षांनी, १८९७मध्ये, त्याने ते सूत्र आत्महत्येच्या प्रश्नाला लावून दाखवले. युरोपातील सरकारी आकडे त्याने जमवले. प्रॉटेस्टंट प्रदेशांत आत्महत्यांचे प्रमाण अधिक, कॅथॉलिक प्रदेशांत कमी, असे त्यांतून दिसले. कॅथॉलिक समाज सामाईक श्रद्धा आणि विधी यांनी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो माणसाला सावरून धरतो, असे त्याने त्याचे कारण दिले. हे वाचताना कॅथॉलिक वाचकाला थोडे बरे वाटते. विद्यार्थिदशेत मलाही वाटले होते.

परंतु हे आकडे लिहिले कोणी? जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ साली नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. मृत्यू ही घटना निसर्गाची असेल, पण तिला 'आत्महत्या' म्हणायचे की 'अपघात', हा निर्णय माणसे घेतात. डॉक्टर, अधिकारी आणि घरचे लोक तो घेतात. कॅथॉलिक घरात अशा मृत्यूनंतर काय होत असेल ते आपल्याला कोणी सांगावयास नको. जाणूनबुजून स्वतःचा जीव घेणाऱ्यास ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारावा, असा दंडक १९१७च्या कॅनन कायद्यात स्पष्ट होता, आणि प्रथा तर त्याहून कितीतरी जुनी. १९८३च्या नव्या संहितेत तो उल्लेख उरला नाही. जेथे दुःखाबरोबर पवित्र भूमीतली जागाही गमावण्याचे भय आहे, तेथे कोणते कुटुंब नोंद करणाऱ्यास खरे सांगेल? फ्रान्स व्हान पॉपेल आणि लिंकन डे यांनी १९९६ साली नेदरलँड्समधील १९०५ ते १९१० या काळातील मृत्युनोंदी तपासल्या. तेथील कॅथॉलिकांमध्ये आत्महत्या कमी दिसतात हे खरे, पण 'अचानक मृत्यू' आणि 'कारण अस्पष्ट' या सदरांत कॅथॉलिक मृत्यू अधिक, असे त्यांना आढळले. दोन धर्मपंथांतील फरकाचे मूळ त्यांनी नोंदीच्या या पद्धतीत दाखवून दिले.

आपल्याकडेही 'बावखलात पाय घसरला' या तीन शब्दांखाली काय काय पुरले गेले असेल, याचा अंदाज जुन्या पिढीने करावा.

ज्या घट्ट सामाजिक बंधामुळे कॅथॉलिक माणूस आत्महत्येपासून वाचतो असे द्यूरकेमला वाटले, तोच बंध ती आत्महत्या झाकण्याचेही कारण असू शकतो. एका आकड्याची ही दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे, आणि आकडा स्वतः मुका! दगड भूगर्भशास्त्रज्ञापासून काही लपवत नाही, कारण त्याला शेजाऱ्यांची लाज नसते. माणूस लपवतो. त्याला नाव आहे, मुलींची लग्ने व्हायची आहेत, आणि विचारणारा कोण व कशासाठी विचारतो आहे हे तो आधी जोखतो. तेव्हा सामाजिक संशोधनाचा पाया मोजपट्टी नव्हे. विचारणारा आणि सांगणारा यांच्यातील विश्वास हा तो पाया होय. 'वस्तुस्थिती तेवढी टिपा' असे म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी जातीचा प्रश्न गाळला, तेव्हा त्यांनी वस्तुस्थितीचाच एक तुकडा कापून टाकला. 'कारण अस्पष्ट' या सदरात मृत्यू ढकलणाऱ्या त्या डच कारकुनाहून हे निराळे कसे?

समाजशास्त्राच्या पाळण्यापाशी कॅथॉलिक माणसाला असे एकदाच नव्हे, दोनदा उभे केले गेले. माक्स वेबर याने १९०४-०५ साली प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या नात्यावर जो विख्यात निबंध लिहिला, त्याच्या आरंभीच बाडेन या जर्मन प्रांतातील शाळांचे आकडे आहेत. प्रॉटेस्टंट मुले व्यापार-उद्योगाकडे नेणाऱ्या शाळांत अधिक जातात, कॅथॉलिक मुले कमी, असे दाखवण्यासाठी त्याने मार्टिन ऑफेनबाखर या आपल्या विद्यार्थ्याचा तक्ता वापरला. त्यातील एका ओळीत प्रॉटेस्टंटांचा वाटा ५९ टक्क्यांऐवजी ६९ टक्के असा छापला गेला होता. त्यामुळे त्या ओळीची बेरीज शंभरापलीकडे जाते. तरीही ती चूक वेबरच्या निबंधात उतरली आणि पन्नासएक वर्षे जगभर छापली जात राहिली. १९५७ साली कुर्ट सॅम्युएल्सन या स्वीडिश अर्थेतिहासकाराने तिच्यावर बोट ठेवले. वेबरचा सगळा सिद्धांत या एका आकड्यावर उभा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण कॅथॉलिक मागे का, या प्रश्नाचे उत्तर आधीच पटलेले असले की बेरीज करून पाहण्याची गरज विद्वानांनाही भासत नाही, हेही खरे.

येथे दुसऱ्या टोकाचे लोक टपून बसलेले असतात. आकडे माणसे लिहितात, माणसे पूर्वग्रहाने लिहितात, म्हणून सत्य असे काही नसतेच, जो तो आपापले सत्य सांगतो, असे ते म्हणतात. अलीकडे विद्यापीठांतून हा सूर बराच ऐकू येतो आणि तो दीनदुबळ्यांच्या कैवाराचा आव आणतो. मला तो पहिल्याहून घातक वाटतो. ६९ हा आकडा चुकीचा होता, कारण ५९ हा बरोबर होता. सत्यच नसेल तर चूक कोणाच्या तुलनेत? संत थॉमस अक्वायनस याने सत्याची व्याख्या करताना बुद्धीची वस्तूशी अनुरूपता असे म्हटले, ते मला आजही पुरेसे वाटते. आपल्या जाणण्यापूर्वीच काहीतरी आहे आणि जाणण्याने त्याच्याशी इमान राखायचे आहे, एवढेच तिच्यात सांगितले आहे. माणसाच्या बाबतीत ही अनुरूपता कठीण, कारण तेथे जाणली जाणारी वस्तू स्वतःच जाणणारी आहे. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. शोषिताला तर सत्याची गरज सर्वाधिक असते. ज्याचा त्याचा सत्याचा तुकडा वेगळा असे ठरले, तर अखेर ज्याच्या हाती पोलीस व छापखाना त्याचाच तुकडा खरा ठरतो.

आता हेतूविषयी. हेतू धरून केलेले संशोधन अशुद्ध असते, हा प्राध्यापकांचा मूळ आक्षेप. ज्या वेबरचे नाव या तटस्थतेसाठी सतत घेतले जाते, त्यानेही १९०४ सालच्या आपल्या निबंधात असे म्हटलेले नाही. कोणता प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे हे आपल्या मूल्यांवरून ठरते, हे त्याला पूर्ण मान्य होते. मूल्यांनी उत्तर वाकवू नये, एवढाच त्याचा आग्रह. प्रश्न निवडताना काळजातून निवडावा आणि उत्तर शोधताना काळजाला थोपवून धरावे! जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, ते हेतूने ओथंबलेले होते. सरकारचा महसूल मोठ्या अंशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांना सरकारच्या तोंडावर सांगायचे होते. त्या हेतूमुळे त्यांचे निरीक्षण खोटे ठरले काय? उलट, ज्यांना असा काही हेतू नव्हता त्यांना ते दिसलेच नव्हते.

हे सगळे तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, यात आपल्या पोटापाण्याचे काय आहे, असे कोणी विचारील. त्याने सूसाई या मद्रासच्या चर्मकाराचा खटला वाचावा.

सूसाई रस्त्याकडेला बसून पादत्राणे दुरुस्त करीत असे. जन्माने तो आदि-द्रविड, श्रद्धेने ख्रिस्ती. रस्त्याकडेला काम करणाऱ्या अनुसूचित जातींच्या चर्मकारांना सरकारने विनामूल्य टपऱ्या दिल्या. त्याच कामावर बसणाऱ्या सूसाईला ती मिळाली नाही, कारण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत गणला जाण्यासाठी व्यक्ती हिंदू असावी लागते. १९५६मध्ये त्यात शिखांची भर पडली, १९९०मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. सूसाई सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवणे पुरेसे नाही, असे न्यायालयाने म्हटले. नव्या धर्मसमाजातही त्याच जातीपायी तितक्याच तीव्रतेचे अपंगत्व सोसावे लागते हे सिद्ध व्हावयास हवे, आणि ख्रिस्ती समाजाच्या सद्यःस्थितीचा असा अधिकृत व तपशीलवार अभ्यास न्यायालयापुढे ठेवण्यात आलेला नाही, असे त्या निकालात नमूद आहे.

हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. टपरीसाठी भांडणारा एक चर्मकार देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे उभा राहतो, आणि त्याच्या बाजूने मांडण्याजोगा अभ्यास त्या दिवशी तेथे नसतो. शाळा, महाविद्यालये, धर्मगुरुविद्यालये, शतकानुशतकांच्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या, हे सारे आपल्यापाशी होते. प्रत्येक धर्मग्रामात जात कुठे बसते, कोणाच्या घरी जेवते, पूर्वी कोठे पुरली जात असे, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते. पण लिहिलेले किती होते? मूठ झाकलेली होती, आणि तिची किंमत सूसाईने मोजली. पुढे २००८ साली सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी उपलब्ध अभ्यासांची छाननी करून अहवाल दिला. दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम यांना अनुसूचित जातींचा दर्जा नाकारण्यास सामाजिक वस्तुस्थितीत सबळ आधार नाही, असे त्यात दिसून आले. आधीच्या वर्षी न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगानेही हा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली होती. २०२२मध्ये याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. म्हणजे सूसाईला जो प्रश्न विचारला गेला तोच आजही विचारला जात आहे, आणि वसईच्या एका धर्मग्रामात आम्ही अकरावी ओळ खोडून बसलो आहोत.

'पण आमच्यात ते दलित वगैरे नाहीतच,' असेही त्या बैठकीत कोणी म्हणाले. नगरकडचे, मराठवाड्यातले ख्रिस्ती बांधव नोकरीधंद्यासाठी आता मुंबईच्या या पट्ट्यात येऊन राहिले आहेत, रविवारी ते आपल्याच मिस्सेला मागच्या बाकांवर असतात. शिवाय सामवेदी, वाडवळ, कोळी हे आपले जुने भेद लग्नाची बोलणी निघताच कसे जागे होतात, हे मी येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. बिशपांना जे लेखी मान्य करता येते ते धर्मग्रामाच्या समितीला विचारताही येऊ नये, याचे नवल वाटते.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे वळतो. त्यांचा युक्तिवाद नवा नाही आणि केवळ मराठी तर नाहीच. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे जोसेफ फिक्टर हे येशूसंघीय धर्मगुरू समाजशास्त्र शिकवीत असत. त्यांनी शहरातील एका धर्मग्रामाचा अत्यंत बारकाईने अभ्यास केला. किती लोक मिस्सेला येतात, किती केवळ नावाचे कॅथॉलिक आहेत, श्रद्धा आणि वागणूक यांत अंतर किती, हे त्यांनी तपासले. चार खंडांचा संकल्प होता. पहिला खंड १९५१मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तो वाचून त्या धर्मग्रामाचे प्रमुख संतापले, वरिष्ठांकडे तक्रार गेली, आणि उरलेले तीन खंड छापले गेले नाहीत. फिक्टर यांनी ही हकीकत १९७३ साली आपल्या आठवणींत स्वतःच लिहिली. बंडखोरी करून ते संघाबाहेर पडले नाहीत. आज्ञा पाळली, आणि संशोधन करीतच राहिले. त्या तीन खंडांत काय होते, यापेक्षा ते दडपल्याने त्या धर्मग्रामाचे कोणते भले झाले, हे मला कोणीतरी सांगावे.

याउलट फ्रान्समध्ये काय घडले ते पाहा. गाब्रिएल ल ब्रा या कायद्याच्या प्राध्यापकाने १९३१ साली धर्मगुरूंना आवाहन केले की, आपापल्या धर्मग्रामात धर्माचरण किती उरले आहे ते मोजा. फर्नां बुलार या धर्मगुरूने पुढे गावोगावचे आकडे जमवून १९४७ साली ग्रामीण फ्रान्सचा धार्मिक नकाशा प्रसिद्ध केला. ज्या देशाला 'ख्रिस्तसभेची ज्येष्ठ कन्या' म्हणून मिरवले जाई, त्याचे कितीतरी प्रदेश जवळजवळ श्रद्धाहीन झाले आहेत, हे त्या नकाशात उघड्या डोळ्यांनी दिसत होते. दाखवणारा कोणी निरीश्वरवादी नव्हता. धर्मगुरूनेच आपल्या आईच्या आजाराचे निदान चारचौघांत वाचून दाखवले. पाहा, पारखा, कृती करा, ही कार्डिनल कार्डाइन यांची त्रिसूत्री पोप तेविसावे जॉन यांनी १९६१च्या आपल्या विश्वपत्रात स्वीकारली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही १९६५मध्ये पाळकीय कार्यात समाजशास्त्र व मानसशास्त्र यांच्या निष्कर्षांचा उपयोग करावा असे सांगितले. त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'पाहा' हा आहे. आपण बहुधा दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

तरीही वडीलधाऱ्यांच्या भीतीत एक खरा अंश आहे, आणि तो नाकारणे लबाडीचे होईल. विचारणाऱ्याच्या हाती उत्तर दिले की ते आपल्या हाती राहत नाही. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता सिद्ध करू पाहत होते. ज्यांची नाके मोजली गेली त्यांना कशासाठी म्हणून कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. धर्मांतराच्या नावाने वातावरण तापवले जात असताना ख्रिस्ती घरांच्या याद्या कोणाच्या हाती पडतील, ही शंका आज वेडगळ म्हणता येणार नाही. आणि आमच्या वाड्यांतून प्रश्नावल्या भरून नेणारे, आजीबाईंकडून लग्नगीते ध्वनिमुद्रित करून नेणारे, कुपारी बोलीवर पदवी मिळवणारे किती जण आपला प्रबंध दाखवायला परत आले? चहा पिऊन गेले, एवढीच त्यांची आठवण.

पण या भीतीवर मूठ झाकणे हा उपाय नव्हे. विचारण्याची रीत बदलणे हा आहे. म्हणून मी समितीपुढे असे लिहून दिले आहे: अकराव्या प्रश्नाच्या कागदावर कुटुंबाचे नाव किंवा घरक्रमांक नसावा, तो वेगळ्या पेटीत पडावा. उत्तर न देण्याची मुभा असावी, आणि किती जणांनी उत्तर दिले नाही तेही मोजले जावे, कारण ते मौन हीसुद्धा माहिती आहे. बेरजा प्राध्यापकांनी कराव्यात, पण प्रश्नाची भाषा ठरवताना मागच्या बाकावरची माणसे समोर बसलेली असावीत. आणि निष्कर्ष धर्मप्रांताच्या कार्यालयात जाण्यापूर्वी, कोणत्याही मासिकात छापण्यापूर्वी, रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात, सोप्या मराठीत वाचून दाखवले जावेत. चूक असेल तर तेथेच कोणीतरी उठून म्हणेल. वेबरच्या तक्त्याला असा श्रोता मिळाला असता तर पन्नासएक वर्षे वाया गेली नसती.

दरम्यान, जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५मध्ये जाहीर केला आहे. तेव्हा सरकारी प्रगणकासमोर धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' सांगून झाल्यावर जातीच्या रकान्यात काय सांगायचे, याचा विचार प्रत्येक घराला करावा लागेल. तेथे प्रश्न खोडण्याची सोय आमच्या समितीकडे नाही. त्या प्रसंगी दारात उभे राहून गोंधळण्याऐवजी आधी आपापसांत एकदा खरे बोलून घ्यावे, असे मी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माझ्या बहिणीचे लग्न त्याच कारणाने मोडले होते. ते कागदावर लिहायचे?" मी म्हणालो, नाव न घालता लिहा. पुढच्या बैठकीला ते येणार आहेत, आणि अकरावा प्रश्न विषयपत्रिकेवर पुन्हा आहे.